लहान शिशुधान प्राणी आणि लाकूड कुजवणारे कवक यांची तुलना कोणत्या अंगाने करावी?

पानगळ (प्रश्न)

नमस्कार.

जीवशास्त्राच्या अभ्यासगटासाठी मी एक टिपण लिहीत आहे. एकाच अधिवासात राहणारे, परंतु एकमेकांपासून शक्य तितके दूरचे वाटणारे दोन सजीव निवडून त्यांची तुलना करावी, असा त्याचा विषय आहे. मी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील डोंगराळ जंगले डोळ्यांसमोर ठेवली. तेथील लेडबीटरचा पॉसम हा जेमतेम सव्वाशे ग्रॅम वजनाचा, रात्री वावरणारा, झाडांवर राहणारा शिशुधान (पिल्लू पिशवीत वाढवणारा) प्राणी ही माझी पहिली निवड आहे. ज्या उंच निलगिरी वृक्षांत तो राहतो, त्यांच्या खोडाचा गाभा आतून कुजवणारे कवक ही दुसरी.

नेहमीच्या पद्धतीने दोन रकान्यांचा तक्ता केला. तो भरला खरा, पण वाचून पाहिल्यावर त्यातून हाती काहीच लागत नाही. पॉसम फिरतो, कवक फिरत नाही. पॉसमचे रक्त उष्ण, कवकाला रक्तच नाही. पॉसमच्या मादीला पिशवी आहे, कवकाला बीजुके आहेत. असा तक्ता घोडा आणि शेवाळ यांचाही करता येईल.

जुन्या पाठ्यपुस्तकांत कवके वनस्पतींच्या प्रकरणात असत; आता ती प्राण्यांना अधिक जवळची मानली जातात, असे वाचनात आले. ही जवळीक तुलनेचा पाया होऊ शकते का, की ती केवळ वंशावळीपुरती आहे? आणि दुसरे असे की, कवकामुळे झाड पोकळ होते, त्या पोकळीत पॉसम राहतो आणि पुढे त्याच कवकामुळे झाड कोसळते. मग दोघांच्या नात्याच्या रकान्यात "उपकारक" लिहावे की "अपायकारक"? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सूक्ष्मदर्शी

पानगळ, तुमचा तक्ता रटाळ झाला, कारण त्याच्या प्रत्येक ओळीत एकाकडे असलेली आणि दुसऱ्याकडे नसलेली गोष्ट आली आहे. दोघांपुढे प्रश्न एकच असावा आणि त्यांनी त्याची उत्तरे निराळी काढलेली असावीत, तर तुलनेला अर्थ येतो. आधी वंशावळीचे पाहू, कारण ते लवकर आटोपते.

रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तेव्हा कवकांना वनस्पतींपासून वेगळी सृष्टी मिळाली. पुढे १९९३ मध्ये प्रथिनांच्या क्रमांची तुलना करून प्राणी आणि कवके हे दोन मोठे गट वनस्पतींपेक्षा एकमेकांना जवळचे आहेत, याचा सबळ पुरावा मांडला गेला आणि नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी तो पक्का केला. दोघांच्या समाईक पूर्वजाला पोहण्यासाठी पेशीच्या मागच्या टोकाला एकच कशाभिका (चाबकासारखा हलणारा धागा) होती. ती पॉसमच्या शुक्रपेशीत आजही आहे आणि पाण्यात राहणाऱ्या कायट्रिड कवकांच्या पोहणाऱ्या बीजुकांतही आहे. लाकूड कुजवणाऱ्या कवकांनी मात्र ती केव्हाच टाकून दिली, त्यामुळे तुमच्या निवडलेल्या कवकात हा पुरावा शोधायला गेलात तर सापडणार नाही. साठवणीचे द्रव्य मात्र आजही दोघांचे एकच आहे: वनस्पती स्टार्च साठवतात, तर प्राणी आणि कवके ग्लायकोजेन साठवतात. कवकाच्या पेशीभित्तिकेतले कायटिन कीटकांच्या कवचातही असते, आणि पॉसम सालीखालचे रातकिडे आणि कोळी आवडीने खातो. तेव्हा कायटिनचा रकाना करायचाच असेल, तर पॉसमच्या नावापुढे "शरीरात नाही, जेवणात आहे" असे लिहावे लागेल.

ही जवळीक खरी आहे, पण त्या समाईक पूर्वजाला होऊन अंदाजे शंभर कोटी वर्षे लोटली आहेत. तिच्यावर तुलनेचा सगळा भार टाकू नये. तिच्यातून एकच उपयोगी मुद्दा निघतो: दोघांनाही सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करता येत नाही, आणि म्हणून दोघेही झाडाने साठवलेल्या कार्बनवर जगतात. येथे दोघांपुढचा प्रश्न एक होतो.

पॉसमचे उत्तर असे. उंच निलगिरींच्या सावलीत वाढणाऱ्या अकेशियाच्या झाडांच्या सालीला तो दातांनी खाचा पाडतो आणि त्यांतून पाझरणारा डिंक चाटतो. डिंक ही गुंतागुंतीची बहुशर्करा असल्याने ती पचवायला सस्तन प्राण्याला आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची मदत घ्यावी लागते. डिंकात प्रथिने जवळजवळ नसतात. ती उणीव कीटक भरून काढतात. म्हणजे पॉसम झाडाच्या शरीरातला सहज मिळणारा भाग उचलतो आणि लाकडाला हातही लावत नाही.

कवक नेमक्या त्या लाकडाकडेच वळते. त्याचे तंतू साधारण २ ते १० मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे आपल्या केसाच्या तुलनेत अगदीच बारीक असतात. लाकडाच्या मृत पेशींच्या पोकळीतून असा तंतू पुढे सरकतो, एका पेशीतून दुसरीत जाताना भिंतीतल्या नैसर्गिक छिद्रांचा वापर करतो आणि भिंतीच्या आतल्या बाजूला चिकटून आपले पाचक स्राव बाहेर सोडतो. पचन शरीराबाहेर होते, आणि विरघळलेले तेवढे आत शोषले जाते. लाकडातले सेल्युलोज हे खरे अन्न, पण ते लिग्निन नावाच्या चिवट द्रव्यात जखडलेले असते. श्वेत कूज करणारी कवके पेरॉक्सिडेज विकरांच्या साहाय्याने लिग्निनच मोडून काढतात, म्हणून मागे फिकट, तंतुमय लाकूड उरते. तपकिरी कूज करणारी कवके निराळी युक्ती योजतात. विकरांचे रेणू मोठे असल्याने पेशीभित्तिकेच्या सूक्ष्म रंध्रांत शिरू शकत नाहीत. म्हणून ही कवके लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून अतिशय दाहक असे हायड्रॉक्सिल मूलक भिंतीच्या आतच तयार होतील, अशी व्यवस्था करतात. सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, लिग्निन बदललेल्या रूपात मागे राहते, आणि लाकडाला उभ्या-आडव्या भेगा जाऊन त्याचे घनाकृती तुकडे पडतात. असा तुकडा दोन बोटांत दाबला की त्याची तपकिरी भुकटी होते. विशेष म्हणजे वजनात फारशी घट होण्याच्या आधीच लाकडाची ताकद बरीच गेलेली असते.

२०१२ मध्ये ३१ कवकांच्या जनुकसंचांची तुलना करून लिग्निन मोडण्याची ही हातोटी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी विकसित झाली असावी, असा अंदाज मांडण्यात आला. तपकिरी कूज करणारी कवके श्वेत कूजवाल्यांपासूनच, लिग्निन मोडणारी जनुके गमावत गमावत, एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली. शिशुधान प्राण्यांचा पत्ता नव्हता, तेव्हापासून हे काम चालू आहे.

ढोलीशोधक

सूक्ष्मदर्शी यांनी पचनाचे जे मांडले ते योग्यच आहे. पण ही जोडी पचनासाठी निवडण्याची गरज नव्हती, त्यासाठी कोणताही प्राणी आणि कोणतेही कवक चालले असते. लेडबीटरचा पॉसम आणि खोडाचा गाभा कुजवणारे कवक यांची तुलना करायची, तर ती काळाच्या मापाने करावी, असे माझे मत आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे.

सुरुवात ढोलीपासून करू. उत्तर अमेरिका, युरोप, आशिया आणि आफ्रिका या खंडांत सुतार पक्षी चोचीने खोड कोरून ढोली तयार करतात, आणि त्यांनी सोडलेल्या ढोल्यांत इतर प्राणी संसार थाटतात. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाहीत. जिवंत झाडाचे कठीण लाकूड कोरून मोठी ढोली करील, असा दुसरा कोणताही पृष्ठवंशी प्राणी तेथे त्यांच्या जागी आलेला नाही. तरीसुद्धा त्या खंडावर सुमारे ३०० पृष्ठवंशी जाती कमी-अधिक प्रमाणात ढोल्यांवर अवलंबून आहेत. या सर्वांसाठी ढोली तयार होते ती फांदी मोडून झालेल्या जखमेतून, वणव्याच्या भाजण्यातून, वाळवीच्या पोखरण्यातून आणि मुख्यतः कवकाच्या कुजवण्यातून. सुतार पक्ष्याला जे काम काही आठवड्यांत किंवा फार तर काही वर्षांत उरकते, त्याला येथे शतक लागते.

ही कूज खोडाच्या मध्यभागीच का होते, हे तुमच्या टिपणात अवश्य यावे. खोडाच्या बाहेरच्या थरातले रसकाष्ठ जिवंत असते. त्यातून पाणी वर चढत असल्याने तेथे ओलावा भरपूर आणि प्राणवायू कमी असतो, शिवाय जखम झाली की तेथल्या जिवंत पेशी प्रतिकाराची द्रव्ये तयार करतात. आतले मध्यकाष्ठ मात्र मृत असते. त्यात साठवलेली काही संरक्षक रसायने असली, तरी नव्या हल्ल्याला नव्याने उत्तर देणारी पेशी तेथे उरलेली नसते. मोडलेल्या फांदीच्या बुंध्यातून बीजुक आत शिरते, तंतू मध्यकाष्ठात पसरतात आणि झाड त्यांना बाहेरच्या जिवंत थरापासून अलग ठेवते. झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून ठेवते; हा सिद्धान्त अमेरिकी वनसेवेतील ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिल्यानंतर १९७० च्या दशकात मांडला. बाहेरचा थर शाबूत असेपर्यंत आतून पोकळ झालेले झाड नळीसारखे भक्कम उभे राहते, पाने धरते, बी टाकते.

या जंगलांत मुख्य वृक्ष आहे माउंटन ॲश नावाची निलगिरी. सपुष्प वनस्पतींतल्या जगातल्या सर्वांत उंच जातींपैकी ही एक आहे. टास्मानियातील तिचा एक वृक्ष सुमारे १०० मीटर उंच भरला आहे. तिच्या खोडात उपयोगी ढोल्या साधारणपणे १२० वर्षांच्या आत दिसत नाहीत, आणि पॉसमच्या पूर्ण कळपाला सामावून घेईल अशी प्रशस्त ढोली व्हायला दीडशे ते दोनशे वर्षे लागू शकतात. त्या ढोलीच्या मध्यभागी पॉसम सालीच्या धज्जा ओढून आणून त्यांचा गोळा रचतात. एकच प्रजननक्षम जोडी आणि तिच्यासोबतचे इतर सदस्य असे कधी कधी बारापर्यंत प्राणी दिवसभर त्या गोळ्यात एकमेकांना बिलगून झोपतात, कारण एवढ्या लहान शरीरातली उष्णता थंड डोंगराळ हवेत फार लवकर निघून जाते. अंधार पडल्यावर पाठीवर गडद पट्टा आणि टोकाकडे रुंद होत गेलेली शेपटी असलेले हे प्राणी ढोलीच्या तोंडातून बाहेर पडतात. मादीला एका वेळी एक किंवा दोन पिल्ले होतात आणि ती सुमारे तीन महिने पिशवीत राहतात. कवकाला एक ढोली तयार करायला जेवढा काळ लागतो, तेवढ्यात पॉसमच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात.

आता इतिहास पाहा. फ्रेडरिक मॅक्कॉय यांनी १८६७ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि मेलबर्नच्या संग्रहालयातील चर्मपूरणकार जॉन लेडबीटर यांचे नाव त्याला दिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो दिसेनासा झाला आणि नामशेष झाला असेच धरले गेले. १३ जानेवारी १९३९ च्या भीषण वणव्यांनी व्हिक्टोरियातील या जंगलांचा मोठा भाग जाळला, तेव्हा उरलीसुरली आशाही संपल्यासारखी होती. परंतु ३ एप्रिल १९६१ रोजी एरिक विल्किन्सन यांना मेरीसव्हिलजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला. त्यानंतरच्या दोन दशकांत त्याची संख्या बरी होती, आणि त्याचे कारण ते वणवेच होते! माउंटन ॲश तीव्र आगीत मरते; निलगिरीच्या इतर अनेक जाती खोडातून पुन्हा फुटतात, तशी ती फुटत नाही. १९३९ मध्ये मेलेले जुने, आधीच ढोल्या पडलेले वृक्ष तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या पायाशी बियांतून नव्या निलगिरी आणि दाट अकेशिया उगवल्या. वर जुने घर आणि खाली ताजा डिंक, असा योग जुळून आला.

येथेच कवकाची भूमिका उलटते. जिवंत झाडात कवकाला कोंडून ठेवणारा आणि झाडाला उभे धरणारा थर एकच असतो. झाड मेले की तो थर सुकतो, त्यात हवा शिरते, आणि आजवर गाभ्यापुरते मर्यादित असलेले काम बाहेरच्या लाकडात सुरू होते. जिवंत झाडात ज्यांना प्रवेश नव्हता अशी दुसरी कवकेही येतात. मेलेले उभे वृक्ष काही दशकांत ढासळू लागतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे डेव्हिड लिंडेनमायर आणि त्यांचे सहकारी १९८३ पासून या जंगलांतील ढोलीधारी वृक्षांची नोंद ठेवीत आले आहेत, आणि त्या नोंदींत अशा वृक्षांची घट सातत्याने दिसते. १९३९ नंतर उगवलेली झाडे नव्वदीकडे झुकली आहेत; दिसायला भव्य, पण त्यांच्यातली कवके आपले काम अजून पुरे करू शकलेली नाहीत. जुन्या ढोल्या पडून गेल्या आणि नव्या तयार नाहीत, अशा मधल्या खिंडीत हा प्राणी सापडला आहे. त्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांनी त्याच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग जाळला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला, आणि व्हिक्टोरियातील सरकारी नैसर्गिक जंगलांतली व्यापारी वृक्षतोड १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली.

तेव्हा "उपकारक" की "अपायकारक" हा रकाना मी काढूनच टाकीन. झाडाचे वय आणि ते जिवंत आहे की मेलेले, या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय त्या रकान्यात कोणताही शब्द खरा ठरणार नाही.

तळटीप

एक लहानशी पुरवणी. ऑस्ट्रेलियातले शिशुधान प्राणी आणि कवके यांच्यावर शोध घेतला की सर्वाधिक माहिती पोटोरू आणि बेटाँग या जमिनीवर वावरणाऱ्या शिशुधान प्राण्यांविषयी येते. व्हिक्टोरियाच्या पूर्व भागातल्या जंगलांत आढळणारा आणि १९८० मध्ये स्वतंत्र जाती म्हणून वर्णन झालेला लांब पायांचा पोटोरू जवळजवळ सर्वस्वी भूमिगत कवकांवर जगतो आणि त्यांची बीजुके विष्ठेतून पसरवतो. ही माहिती तुमच्या टिपणात घुसू देऊ नका. ती कवके झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करणारी आहेत, लाकूड कुजवणारी नव्हेत. त्यांना झाड जिवंतच हवे असते. शिवाय पोटोरू दोन किलोच्या आसपासचा, जमिनीवर वावरणारा प्राणी आहे. आंतरजालावरच्या अनेक लेखांत "कवक आणि शिशुधान प्राणी" या एकाच मथळ्याखाली हे दोन विषय सरमिसळ झालेले दिसतात.

पानगळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ढोलीशोधक यांनी मांडलेला काळाचा मुद्दा मी टिपणाचा कणा करणार आहे. मात्र त्यातून एक नवी अडचण उभी राहते. पॉसमचे आयुर्मान लिहिता येते, कारण जंगलात तो सात-आठ वर्षांपलीकडे सहसा जात नाही. कवकाच्या रकान्यात आयुर्मान म्हणून काय लिहायचे? खोडावर दिसणारी कवकाची फळी काही महिन्यांत झडते, पण आतले तंतुजाल तर शतकभर काम करीत असते. शिवाय "एक" कवक म्हणजे नेमके किती? त्याचबरोबर, ढोल्या कमी पडत असतील तर त्या कृत्रिम रीतीने करता येतात का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

सूक्ष्मदर्शी

खोडावर दिसते ते कवकाचे फळ, कवक नव्हे. उदाहरण म्हणून लेटिपोरस पोर्टेन्टोसस ही जाती घ्या, जी तुमच्या तक्त्यासाठीही सोयीची आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या जिवंत निलगिरींच्या खोडावर उंचावर तिची जाड, पांढुरकी, हलकी फळी येते आणि वाळल्यावर खाली पडते. ती मंद धुमसत राहते, म्हणून तेथील आदिवासी समाज विस्तव एका जागेहून दुसरीकडे नेण्यासाठी तिचा उपयोग करीत. आतली तपकिरी कूज मात्र फळी पडल्यावरही थांबत नाही. तेव्हा आयुर्मानाच्या रकान्यात फळीचे वय लिहिणे म्हणजे आंब्यावरून आंब्याच्या झाडाचे वय ठरवण्यासारखे होईल.

"एक कवक" हा प्रश्न अधिक रंजक आहे. तंतुजालाला ठरलेला आकार नसतो आणि प्राण्यासारखी ठरलेली वाढही नसते. अन्न मिळेल तोवर ते पसरते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मुळे आणि लाकूड कुजवणाऱ्या आर्मिलारिया गॅलिका या कवकाचे एकच जनुकीय व्यक्तित्व १५ हेक्टरांवर पसरलेले असल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याचे वय किमान १,५०० वर्षे आणि वजन १० टनांहून अधिक धरले होते. २०१८ मध्ये त्याचाच पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा वय सुमारे २,५०० वर्षे आणि वजन ४०० टनांच्या घरात असल्याचा अंदाज निघाला. हे टोकाचे उदाहरण आहे, आणि गाभा कुजवणाऱ्या कवकांना ते जसेच्या तसे लावू नये. त्यांची हद्द बहुधा एका झाडापुरती, कित्येकदा खोडाच्या एका भागापुरतीच असते.

पण हद्दीचा हा मुद्दाच तुमच्या तक्त्यात हवा. कुजक्या खोडाचा आडवा छेद घेतला तर त्यात काळ्या, बारीक, वळणावळणाच्या रेषा दिसतात. दोन निराळी कवके, किंवा एकाच जातीची दोन निराळी व्यक्तित्वे, जेथे एकमेकांना भिडतात, तेथे गडद रंगद्रव्य भरलेल्या तंतूंची ही भिंत उभी राहते. लेडबीटरच्या पॉसमचा कळपही आपला एक ते तीन हेक्टरांचा प्रदेश परक्या पॉसमांपासून राखतो, आणि त्यात माद्या विशेष आक्रमक असतात. आपले आणि परके ओळखून हद्द राखणे हा दोघांपुढचा एकच प्रश्न आहे. एकाने तो वासाने आणि अंगावर धावून जाऊन सोडवला, दुसऱ्याने तंतूंच्या टोकाशी होणाऱ्या रासायनिक ओळखीतून. पिशवी आणि बीजुके यांच्या ओळीपेक्षा ही ओळ अधिक काही सांगेल.

प्रजननाची ओळ ठेवायचीच असेल, तर "पॉसमला दोन लिंगे" एवढ्यावर थांबू नका. लाकूड कुजवणाऱ्या स्किझोफिलम कम्यून या कवकात २३,००० हून अधिक संयोगप्रकार (लिंगांसारखे जोडी जुळवण्याचे प्रकार) आहेत. जोडीदारासाठी केवळ आपल्याहून वेगळा प्रकार हवा असल्याने जवळजवळ भेटेल तो योग्य ठरतो. जे जागेवरून हलू शकत नाही, त्याला हे सोयीचेच आहे.

निशाचर

आयुर्मानाचा विषय निघालाच आहे, म्हणून एक पर्याय सुचवतो. याच जंगलांत ॲन्टेकायनस ॲजिलिस हा उंदरासारखा दिसणारा, कीटक खाणारा आणखी लहान शिशुधान प्राणी राहतो, आणि तोही ढोल्यांत गटाने झोपतो. त्याचे सर्व नर हिवाळ्यातल्या विणीच्या अल्पशा हंगामानंतर, वयाचे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास मरतात. त्या हंगामात तणावाच्या संप्रेरकांची पातळी इतकी वाढते की रोगप्रतिकारशक्ती कोलमडते, पोटात व्रण होतात आणि परजीवींचा जोर वाढतो. माद्या त्यातून वाचतात आणि काही दुसऱ्या वर्षीही वितात. ज्याचे मरण जवळजवळ तारीखवार ठरलेले आहे असा प्राणी आणि ज्याला म्हातारपणाची ठरलेली रेषाच नाही असे कवक एकाच ढोलीत शेजारी राहतात. काळाचा मुद्दा कणा करणार असाल, तर पॉसमऐवजी हा नर निवडला असता तर तफावत आणखी ठळक झाली असती, असे मला वाटते.

ढोलीशोधक

निशाचर, तुमचे उदाहरण उत्तम आहे, तरीही मी पॉसमच ठेवीन. ॲन्टेकायनसला लहानशी भेग किंवा पडलेल्या ओंडक्यातली पोकळीही चालून जाते, त्यामुळे कवकाच्या शतकभराच्या कामाशी त्याचे नशीब इतके घट्ट बांधलेले नाही. तफावत ठळक होईल, पण धागा सुटेल.

पानगळ, कृत्रिम ढोल्यांविषयी सांगतो. लेडबीटरच्या पॉसमसाठी लाकडी घरटी-पेट्या बरीच वर्षे वापरात आहेत, आणि व्हिक्टोरियातील लेक माउंटन आणि येलिंगबो येथे पॉसमांनी त्या स्वीकारल्याही. परंतु पेटीच्या फळ्या पातळ असल्याने आतले तापमान बाहेरच्याबरोबर चढते आणि उतरते, आणि सततच्या ओलाव्यात त्या फळ्यांनाही कूज लागते. झाडात जे काम व्हायला शतक लागते, तेच काम कवक पेटीत नको तितक्या लवकर उरकते आणि पेट्या पुन्हा पुन्हा बदलाव्या लागतात. अलीकडे यांत्रिक करवतीने उभ्या झाडाच्या खोडातच पोकळी कोरून पुढे लाकडाचे झाकण बसवतात. भिंती जाड असल्याने तेथे ऊब अधिक टिकते, आणि पॉसमांनी अशा पोकळ्याही वापरल्या आहेत. तेथेही झाड जिवंत असल्याने ते कडांवर नवे लाकूड वाढवून तोंड बुजवू पाहते, म्हणून लक्ष ठेवावे लागते.

खुद्द कवकालाच कामाला लावण्याचे प्रयोगही झाले आहेत, मात्र ते मुख्यतः उत्तर अमेरिकेत. जिवंत सूचिपर्णी झाडांना भोक पाडून त्यात तंतुजाल वाढवलेल्या लाकडी खुंट्या ठोकतात, म्हणजे गाभा लवकर मऊ होऊन सुतार पक्ष्यांना कोरायला सोपा जातो. त्या पद्धतीत कवक लाकूड फक्त मऊ करते, पोकळी पक्षी करतो. ऑस्ट्रेलियात पक्ष्याचा तो हिस्साही कवकालाच करावा लागतो, त्यामुळे खुंटी ठोकली तरी वाट लांबच राहते.

तक्त्याविषयी माझी सूचना अशी की, दोन सजीवांचे दोन रकाने न करता ओळी झाडाच्या वयाच्या करा: कोवळे झाड, शंभरीतले, दोनशे वर्षांचे, मरून उभे असलेले आणि जमिनीवर पडलेले. प्रत्येक ओळीत कवक कोणत्या थरात आहे, ते कशावर जगते आणि पॉसमला त्या झाडापासून काय मिळते, एवढे लिहा. पहिल्या दोन ओळींत पॉसमच्या बाजूला घरासाठी काहीच लिहिता येणार नाही. त्या जागा तशाच कोऱ्या ठेवा, कारण १९३९ नंतर वाढलेले जंगल आज त्यांच ओळींत उभे आहे.